गाळलेलं वाक्य

पडद्यावरचा मुलगा घराकडची चढण चढू लागला, तशी संकलक शेवटच्या रांगेतून उठली आणि भिंतीच्या कडेकडेने अंधारात पुढे निघाली. सिनेमा तिला पाठ होता. तिला माणसं बघायची होती.

सातशे पानांची कादंबरी तिने अडीच तासांत बसवली होती. कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतलेली. तिच्या शेवटी, घर सोडून गेलेला मुलगा वीस वर्षांनी परततो आणि म्हातारा बाप त्याला एवढंच म्हणतो, "दार उघडंच होतं." हे वाक्य चहाच्या कपांवर छापलं गेलं होतं, भाषणांत वापरून गुळगुळीत झालं होतं. नेमकं तेच तिने काढून टाकलं होतं. बापाचं काम करणारा नट कसलेला. पण हे वाक्य आलं की तो बक्षीस घ्यायला उभा राहिल्यासारखा ताठ व्हायचा. शेवटी तिने तो काही न बोलता दारातून बाजूला सरकतो तेवढाच तुकडा ठेवला, आणि पुढे शांतता.

निर्माता खवळला. त्याने स्वतः कादंबरीची चाळीसेक पानंच वाचली होती, हक्क बायकोच्या शब्दावर घेतले होते. पण हे एक वाक्य त्यालाही ठाऊक होतं. "कात्रीबाई, लग्नातून नवराच गाळलात तुम्ही," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. दिग्दर्शकाने हात वर केले. अखेर ठरलं ते असं, की पहिला खेळ तिच्या मनासारखा दाखवायचा. बाहेर पडताना एकाने जरी वाक्य कुठे गेलं म्हणून विचारलं, तर पुढच्या खेळापासून ते परत घालायचं. तशी प्रत तयारच होती. मग सिनेमातून माझं नाव काढा, असं तीही रागाच्या भरात बोलून बसली होती.

पडद्याच्या कडेला पोचून ती वळली. कित्येकांच्या मांडीवर ती जाडजूड कादंबरी होती, चूक पकडायला आणल्यासारखी. पहिल्या रांगेच्या टोकाला निर्माता हाताची घडी घालून बसला होता.

बाप दारात आला. संगीत थांबलं.

कुणी हललं नाही. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर पडला होता आणि त्या उजेडात तिला ओठ हलताना दिसले. आधी एका चष्मेवाल्या बाईचे. मग तिच्या नवऱ्याचे. मग मागच्या रांगेतले, त्याच्या मागच्या रांगेतले, पार वर अंधारापर्यंत. आवाज अजिबात नव्हता. प्रत्येकाची नजर समोर होती, त्यामुळे बाकीचेही तेच वाक्य म्हणताहेत याचा कुणालाच पत्ता नव्हता. ते फक्त तिला दिसत होतं. आयुष्य चेहरे कापण्या-जोडण्यात घालवलेली संकलक भिंतीला टेकून उभी राहिली, आणि बाप बाजूला सरकला तेव्हा कधी नव्हे ते तिचं पडद्याकडे लक्ष नव्हतं.

पहिल्या रांगेच्या टोकाला मात्र ओठ घट्ट मिटलेले होते.

खेळ सुटला तसा निर्माता बाहेरच्या दारात ठाण मांडून उभा राहिला; संकलकही त्याच्या मागे येऊन थांबली. माणसं त्याच्या अंगावरून जात होती, हळू आवाजात बोलत. कुणीच काही विचारेना. शेवटी त्यानेच त्या चष्मेवाल्या बाईला थांबवलं. बाकी सगळं ठीक, पण शेवटच्या वाक्याचं काय, असं विचारलं.

"ते ना?" बाई कादंबरी छातीशी धरून म्हणाली. "किती हळू म्हटलं हो त्याने. मी पुस्तकात ते नेहमी जरा रागाने ऐकायचे."

"हळू कुठे?" तिचा नवरा म्हणाला. "चांगलं स्पष्ट म्हटलं. घसा दाटला होता बिचाऱ्याचा, एवढंच."

"तुम्हाला सगळंच स्पष्ट ऐकू येतं. मी दळण आणायला सांगितलेलं सोडून."

दोघं भांडत भांडत पायऱ्या उतरून गेली.

निर्मात्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. प्रत बदललीत का, असं त्याने अगदी साधेपणाने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्याने आणखी एका जोडप्याला थांबवलं, मग एकट्या आलेल्या एका म्हाताऱ्याला. म्हाताऱ्याने नुसतेच डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर थोपटून तो निघून गेला.

पुढच्या खेळाची माणसं आत शिरू लागली. निर्माता त्यांच्यामागून निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने आवाज खाली आणला.

"कात्रीबाई," तो म्हणाला, "कुठल्या रांगेत बसलं की ऐकू येतं?"