पासवर्ड कोण टाकतं?

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये गोविंद आणि स्वरदा, नवरा-बायको दोघंही घरूनच ऑफिसचं काम करायची. ऑफिसकडून रोज येणारं नवं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना मध्येच लॅपटॉपचा पासवर्ड मागितला जायचा आणि पाच मिनिटांत तो दिला नाही, की सगळं पहिल्यापासून. गोविंदच्या लॅपटॉपवर हे रोज व्हायचं. स्वरदाच्या कधीच नाही.

"तू तर गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. मग पासवर्ड कुणी टाकला?" त्याने एकदा विचारलं.

"मला काय माहीत? होतं खरं आपोआप," ती हसून म्हणाली.

तिने तो पासवर्ड त्याला कधीच सांगितला नव्हता. मग सांगितला कुणाला? ऑफिसात बसून, दुरूनच तो टाकून कोण तिची इतकी काळजी घेतंय?

गुरुवारी दुपारी ती गच्चीवर गेली, तसा तो तिच्या लॅपटॉपसमोर जाऊन बसला. पासवर्डची चौकट उघडली. एक मिनिट गेलं. तीन गेली. संपू दे वेळ, तो मनात म्हणाला.

तेवढ्यात कीबोर्डवरची एक कळ खाली दबली. मग दुसरी. सावकाश, सवयीच्या हाताने दाबावी तशी.

भीतीआधी त्याला रागच आला. त्याने दोन्ही हात पसरून कीबोर्ड झाकला.

त्याच्या बोटांवर कुणाची तरी उबदार बोटं टेकली आणि उरलेली अक्षरं त्यांनी त्याच्याच बोटांनी दाबली. पासवर्ड बरोबर निघाला. इन्स्टॉलेशन पुढे सरकू लागलं.

ती बोटं मात्र उचलली गेली नाहीत.