वाघावरून वाट

दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत कलादालनाच्या फरशीवर लाल वाघ पसरला होता. गावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, हजारो वर्षांपूर्वी कातळात कोरलेला होता तेवढाच, पण हा तिनं जांभ्या दगडाच्या भुकटीनं काढलेला. कातळातला वाघ चिरेखाणीत फोडला गेला होता. म्हणून तिनं पाटी लावली होती, 'यावरून चालत या.' लोकांच्याच पायांनी संध्याकाळपर्यंत हा वाघही पुसला जावा, असा तिचा बेत होता.

पण सकाळपासून एकही माणूस चित्रावर पाय ठेवेना. सगळे भिंतीला अंग घासत कडेकडेनं जात होते.

मग दारात आबा, तिचे वडील, दिसले. खाणीला सडा त्यांनीच दिला होता, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. ती वाघाच्या डोक्यापलीकडे भिंतीपाशी उभी राहिली.

आबांनी पाटी वाचून चपला काढल्या. "कडेनं आलो तर चालेल?"

"नाही. सडा देताना कुठं कड सांभाळलीत?"

आबांनी शेपटीवर पाय ठेवला, मग पाठीवर. प्रत्येक पावलाला रेघा विस्कटत होत्या. हेच तर तिला बघायचं होतं. वाघाच्या पोटावर येऊन आबा थांबले.

"बाय, आता पुढं पाय उचलत नाही गं."

कुणीच हललं नाही. आबा मधोमध उभे होते आणि त्यांच्यापर्यंत पोचायला कडेची वाट नव्हती. तिनं चपला काढल्या आणि वाघाच्या तोंडावर पाय ठेवला.