राहिलेला अनुस्वार

"मग हे टेबल कोणासाठी आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"कोणासाठीच नाही," हॉटेलमालक म्हणाला. टेबलावरचा कप त्याने पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

भेदभाव बंदीच्या कार्यालयात तक्रार आली होती. नदीपलीकडच्या एका माणसाला खिडकीजवळच्या या रिकाम्या टेबलावरून उठवलं होतं. हॉटेलवर पूर्वी एक ठपका होताच. दुसरा बसला की परवाना जाणार, हे इन्स्पेक्टरने आल्या आल्याच सांगितलं. गल्ल्यावर मालकाची मुलगी होती. डाव्या हाताने बरण्या पुसत राहिली.

मालकाचं म्हणणं एकच, तिथे तो कोणालाच बसू देत नाही. परवा नगराध्यक्षांना उठवलं, ते तर नदीअलीकडचे. सख्ख्या भावालाही उठवलं, तो अजून फुगलेला आहे. गिऱ्हाइकांनी हसत दुजोरा दिला.

"कोणालाच नाही, तर कप कशाला?"

मालकाने कप सरळ केला. "तिथे बाई बसायच्या."

"कोण बाई?"

"मला कोर्टात खेचलं त्या."

इन्स्पेक्टर सावरून बसला. तो खटला त्याने प्रशिक्षणात अभ्यासला होता. एके काळी या दारावर पाटी होती, फक्त आपल्या माणसांसाठी. पलीकडून शाळेत शिकवायला येणाऱ्या एका बाईंना मालकाने दारातूनच परत पाठवलं. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. पुन्हा परत पाठवल्यावर थेट कोर्टात गेल्या.

मालक स्वतःच्या पराभवाची हकिगत अशी सांगू लागला, जणू घरच्याच कोणाचा तरी पराक्रम सांगतोय. त्याच्या वकिलाने परोपरीने मांडलं, की दुकान त्याच्या मालकीचं, चहा कोणाला द्यायचा हा त्याचा हक्क. बाईंनी तो हक्क उडवून लावला नाही.

"म्हणाल्या, घरात कोणाला घ्यायचं ते यांचं यांनी ठरवावं. तिथे कोणी जबरदस्ती करायला गेलं तर मी यांच्या बाजूने उभी राहीन. पण दुकानाचं दार रस्त्यावर उघडतं." मालक हसला. "माझा वकील तोंडात मारल्यासारखा गप्प. मला वाटलं, च्यायला, आपण हिलाच वकील नेमायला हवं होतं."

रंगाऱ्याने पाटीवरच्या 'माणसां'वरचा अनुस्वार गाळला होता, तेही बाईंनी भर कोर्टात दाखवून दिलं. न्यायाधीशसुद्धा हसले.

निकालानंतर त्या रोज येऊ लागल्या. दाराकडे तोंड करून बसायच्या, हा अजून कोणाला परत पाठवतो का ते बघायला. डाव्या हातात कप धरायच्या आणि चहा पाणचट असला तर चारचौघांत सांगायच्या. वाद काही मिटला नव्हता. मालक म्हणायचा, कायद्याने दार उघडतं, मन नाही. त्या म्हणायच्या, आधी दार तर उघडा.

"असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही," मालक म्हणाला. "हरवलं मला, पण मान खाली घालायला नाही लावली."

"आता येत नाहीत?"

"गेल्या महिन्यात वारल्या."

इन्स्पेक्टरने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "काका, त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण एकासाठी जागा अडवायची आणि दुसऱ्याला उठवायचं, हे त्यांना तरी पटलं असतं का?"

मालकाने कप उचलला.

"नसतं पटलं," तो म्हणाला. "दुकान आहे हे."

त्याने मुलीला हाक मारून कप तिच्या हातात दिला आणि टेबलाची एक बाजू धरली. हॉटेलच्या मागेच त्याचं घर होतं, मध्ये एक दार. इन्स्पेक्टरने न सांगता दुसरी बाजू उचलली. दारातून जाईना म्हणून टेबल आडवं केलं, तेव्हा फळीची खालची बाजू दिसली. रंग विटला होता, पण अक्षरं वाचता येत होती. फक्त आपल्या माणसासाठी. अनुस्वार अजूनही नव्हता.

"घरात कोणाला बसवायचं, ते माझं मी ठरवलं तर चालेल ना?" मालकाने विचारलं.

"घरात विचारायला कोणी येणार नाही, काका."

मुलगी खुर्ची घेऊन आधीच आत गेली होती. तिथून तिचा आवाज आला.

"बाबा, आईची खुर्ची दाराकडे तोंड करूनच ठेवायची ना?"