वाकलेली मान

सिलोनविरुद्ध भारताकडून रग्बी खेळून आलेल्या लालासाहेबानं आटपाडीच्या तालमीत मारुतीशेजारी फोटोसाठी खिळा मागितला, तशी आकाराम वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कुस्त्या मारायला पलटणीत धाडला, आन् चेंडूमागं पळतोस? ह्या फोटोत तू कुठला रं?” “ह्यो वाकलेला. तोंड दिसत न्हाई.” “किती पाडलंस?” “पाडायचं नसतं, वस्ताद. पुढं वाकून समोरच्यांचा रेटा मानंवर झेलायचा.” “म्हंजी बैलच की! रेटा ह्याला भिंतीपतूर!” तीन पठ्ठे भिडले, घामाघूम झाले, पण गडी हलला नाही. शेवटी वस्तादांनीच दातओठ खाऊन जोर लावला. ज्या मानेवर वाळूचं पोतं देऊन त्यांनी बारा वर्षं बैठका काढून घेतल्या, ती तसूभर ढळेना. धापा टाकत ते गुरकावले, “लाव फोटो. पर खाली नाव माजं घाल. तोंड तुजं दिसतच न्हाई, मान माजी हाय.”