तीन रंगांचे साहेब

अलिनाफे सभेच्या मैदानात आली तेव्हा नाचायला उभ्या असलेल्या रांगेतल्या चाळीस बायकांच्या टाळ्या एकदम थांबल्या. सगळ्यांच्या कमरेला नवंकोरं हिरवं चितेंजे, लुंगीसारखं छापील कापड, गुंडाळलेलं, त्यावर खासदार चिपोयांचा हसरा चेहरा. अलिनाफेने मात्र तीन चितेंजे फाडून झगा शिवला होता. छातीशी पिवळं कापड, कमरेशी निळं, खाली हिरवं. तिन्हींवर चिपोयाच. पिवळ्यावर केस भरपूर, निळ्यावर विरळ, हिरव्यावर टोपी.

दहा वर्षांत या माणसाने तीन पक्ष केले होते आणि दर निवडणुकीला कापड वाटलं होतं. सलिमा जिल्ह्याकडे असं कापड कुणी टाकून देत नाही. साहेब पक्ष सोडतात, कापड घरातच राहतं.

पक्षाच्या महिला अध्यक्षा मायी चिसाले तरातरा आल्या. साहेबांचा चेहरा कुणाच्या बुडाखाली येत नाही ना, हे बघायचं काम त्यांच्याकडे होतं.

"हे काय सोंग गं?"

"सोंग कसलं, मायी? तिन्ही कापडं साहेबांनीच दिलीत. आणि बघा, सगळे साहेब पुढच्या बाजूला आहेत. एकावरही बसत नाही मी."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मायी चिसाले वळल्या. "नाफिरी, आवरा तुमच्या लेकीला! नाहीतर खताच्या यादीतून नाव गेलं म्हणून समजा."

नाफिरी रांगेच्या पुढे उभी होती. गाणं रचायचा आणि धरायचा मान तिचा. तिने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि ती थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही. स्वस्त खताची पिशवी मिळाली नाही तर यंदा मका गुडघ्याच्या वर जाणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"घरी जा," ती दबक्या आवाजात लेकीला म्हणाली. "कॉलेजात शिकलीस ते तुझ्यापाशी ठेव."

"मला एकच प्रश्न विचारायचाय, आई."

"प्रश्नाने मका वाढतो का?"

"मग कापडाने वाढला का?"

एवढ्यात धुरळा उडवत साहेबांची गाडी आली. चिपोया मंचावर चढले, हिरव्या पक्षाची खूण म्हणून मूठ वर केली, आणि तेवढ्यात त्यांना झगा दिसला. मुरलेला माणूस. क्षणभरच गडबडला. मग माइक ओढून हसला.

"वा! या पोरीने तर माझा सगळा जन्म जपून ठेवलाय!"

लोक खो खो हसले. अलिनाफे जागची हलली नाही.

"साहेब, पिवळ्यात होतात तेव्हा म्हणालात, जमीन कसणाऱ्याची. निळ्यात गेलात तेव्हा म्हणालात, तळ्याकाठची जमीन हॉटेलवाल्यांना देऊन टाका. आता हिरव्यात काय मानता?"

"विकास मानतो, बाळ!"

"विकास तिन्ही पक्ष म्हणतात. तुमचा स्वतःचा विचार कोणता?"

चिपोयांनी टोपी सारखी केली. "हे बघ, विचारसरणीची भाजी करून मक्याच्या न्सिमाबरोबर खाता येत नाही. ही तुझीच आई ना? दहा वर्षं माझ्यापुढे नाचतेय. एकदा तरी काही विचारलं तिने? शहाणी बाई आहे. शीक जरा तिच्याकडून." मग त्यांनी बोट हलवलं. "हं नाफिरी, धरा गाणं."

चाळीस बायका नाफिरीच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने लेकीकडे पाहिलंही नाही. मग घसा खाकरून तिने ओळ उचलली.

"चिपोया आमचा पिवळा सूर्य..."

पिवळ्यांचं गाणं! दहा वर्षांपूर्वी तिनेच रचलेलं. बायकांच्या पायांनी विचार केलाच नाही. टाळी पडली, कंबरा हलल्या, ओळ झेलली गेली.

"हिरवा साप गवतात लपतो..."

"लपतो, बाई, लपतो!"

"चिपोया त्याचं डोकं ठेचतो..."

"ठेचतो, बाई, ठेचतो!"

मायी चिसालेही दोन ओळी मनापासून नाचल्या. मग भान आलं तशा ओरडायला लागल्या, "अगं ते नाही! ते नाही!" पण पुढची बाई थांबल्याशिवाय थांबायचं नसतं, आणि पुढची बाई थांबत नव्हती.

त्या निवडणुकीत चिपोया या तालावर दोन महिने रोज नाचले होते. हाताला तेवढं पुरेसं होतं. माणूस मंचावर संतापाने लाल झालेला, आणि हात मात्र आपला आपण वर गेला, मूठ उघडली, तीन बोटं ताठ झाली. पिवळ्या पक्षाची खूण.

मैदान असं हसलं की शाळेच्या भिंतीवरची पोरं खाली पडली. साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो घाईने खिशात घातला.

अलिनाफेला धावत जाऊन आईला मिठी मारावीशी वाटली. पण मायी चिसाले मध्ये उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून खताची यादी काढली, पेन काढलं, आणि नाफिरीच्या डोळ्यांसमोर कागद धरून तिचं नाव खोडलं, एकदा आडवं, एकदा उभं.

नाफिरीने ते नीट पाहिलं. मग तिने निळ्यांचं गाणं धरलं.