कणभर

"आता हुंगून बघा," आजी म्हणाली.

आजोबांनी ओट्यावर नाक टेकवलं. मग फळीखाली, मग डब्यांच्या मागे, मग दाराच्या बिजागरीशी. आजी ओला फडका हातात धरून श्वास रोखून उभी होती. पेपर तपासून घेणाऱ्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "नुसतं फिनेल."

आजी हसली. आपल्याच घरातून आपलाच वास गेला म्हणून कुणी हसतं का? पण ही दोघं हसली, आणि तेही मनापासून.

हे घर लोण्याचं होतं. शेंगदाण्याच्या लोण्याचं. आजोबांनी आयुष्यभर पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून पोट भरलं. त्यातल्याच एका बेवारस मोटारीला दोन दगडी चाकं जोडून त्यांनी घरात यंत्र बसवलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. गार झाले की तळव्यांत चोळून साली फुंकायच्या. त्या उडून आजीच्या केसांत जायच्या आणि ती दिवसभर कुरकुरायची. यंत्रात आधी कूट व्हायचं, मग त्याचा घट्ट लगदा. इथे घाईची माणसं वरून तेल ओततात आणि सगळ्याचं मातेरं करतात. आजोबा कधी ओतायचे नाहीत. नुसतं फिरू द्यायचे. मग त्या लगद्याला आपलंच तेल सुटायचं आणि लोणी धार धरून बरणीत उतरायचं. "थांबलं की सुटतं," असं ते येईल त्याला सांगायचे. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे लोणीवालेच म्हणायचे. मुलगा लहान असताना पाव घेऊन यंत्राच्या तोंडाशीच बसायचा. पहिली धार त्याची.

मुलगा मोठा झाला, दूर गेला, त्याला मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा त्याचा फोन आला.

"तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, बाबा. कण जरी पोटात गेला तरी थेट दवाखाना. तुमच्या घरात तर भिंतीसुद्धा तेलकट आहेत. कशी आणू तिला?"

दुसऱ्याच दिवशी आजोबांनी भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्याने बटण दाबून पाहिलं. "चालू आहे की हो," तो म्हणाला. आजोबा म्हणाले, "असू दे," आणि ते यंत्र दाराबाहेर जाईपर्यंत पाठ करून उभे राहिले.

मग घासायला सुरुवात झाली. फळ्या घासल्या, भिंतींना रंग दिला, पडदे जाळले. शेजाऱ्यांच्या रिकाम्या बरण्या परत केल्या. शेंगदाणा उंबऱ्याच्या आत येऊ देईनात. दर रविवारी आजोबा फोन करायचे आणि मुलगा म्हणायचा, "अजून थोडे दिवस जाऊ द्या. फटींत राहतं ते." आम्हीच येतो म्हटलं, तर म्हणाला, तुमच्या कपड्यांतही असतं. तेव्हा दोघांनी एकेक नवा जोड शिवून घेतला आणि अंगाला न लावता कपाटात ठेवून दिला. भांडण कधी झालंच नव्हतं. भांडण असतं तर पायाशी जाऊन माफी तरी मागता आली असती. आजोबांनी मुलाला कधी खोदून विचारलं नाही. वरून काही ओतायचं नाही, हा त्यांच्या हाताचाच स्वभाव. ते थांबले, वर्षामागून वर्षं.

आजही रविवार होता. आजी मागच्या नळावर बादली भरायला गेली. आज मात्र मुलाला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं मनाशी ठरवून आजोबांनी बाहेरच्या खोलीतून फोन लावला. उचलला नातीने.

"बाबा अंघोळ करतायत," ती म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

नातीचा आवाज असा एकटा, आयता मिळाला म्हणून आजोबांना कोण आनंद झाला. "काय खातेस गं, राणी?"

"पाव. पीनट बटर लावून."

आजोबा खुर्चीवरून ताडकन उठले. "थुंक ते. आधी थुंक, बाळा. पळ, बाबांना हाक मार. घशात काही होतंय का? श्वास घेता येतोय ना?"

नात खिदळली. "काय हो आजोबा. मी रोजच खाते. बाबा आणि मी. बाबा म्हणतात, आजोबांचं याच्यापेक्षा भारी असायचं."

आजोबा हळूच खाली बसले. मागे नळाची धार बादलीत पडत होती. जीव वाचला पोरीचा, हेच त्यांच्या मनात आधी आलं. दुसरं काय ते नंतर आलं, आणि आलं ते बसूनच राहिलं.

"बाबा आले बघा," नात म्हणाली. "देऊ का त्यांना?"

"नको," आजोबा म्हणाले. "खा तू."

नळ बंद झाला. आजी बादली आत ठेवून पदराला हात पुसत आली ती थेट कपाटाकडेच गेली. दोन्ही नवे जोड काढून तिने छातीशी धरले आणि वळून नवऱ्याकडे बघितलं. "लागला ना फोन? केव्हा या म्हणाला?"

आजोबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. सोड्याने बोटांची सालं निघाली होती. ते उठले, बादलीतला फडका पिळून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

"ठेव ते आत," ते म्हणाले. "खिडकीच्या खाचा राहिल्यात, म्हणतो तो."