साळूबाईचा शब्द

“पोरगं पितं का, एवढं सांगा आक्का,” कडुबानं चपला काढता काढताच विचारलं.

साळूबाईनं त्याला आधी बसायला लावलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. माणूस पहिल्या एसटीनं कन्नडहून निघालेला, आणि त्यानंतर दोन तास बजाजनगरच्या गल्ल्या तुडवत होता. लेक द्यायची म्हटल्यावर स्थळाची चौकशी करायलाच हवी. पण चौकशीला आलेल्याला खरं सांगायची आपल्याकडं रीत नाही. जमत आलेलं लग्न मोडल्याचं पाप कुणाला हवंय? शेजारी एका सुरात सांगतात, पोरगा लाखात एक. बाप खुशीत घरी जातो आणि शेजारी आपापली दारं लावून घेतात.

साळूबाई त्यातली नव्हती. प्लॉट घ्यावा की आहे ते घर वाढवावं, पोराला आयटीआयला घालावं की कॉलेजात, सुनेला वेगळं काढावं की सांभाळून घ्यावं, सगळी गल्ली तिच्याच ओट्यावर येऊन विचारायची. तीही कुणाची भीडभाड न ठेवता सांगायची. तीन सोयरिकी तिच्या शब्दानं मोडल्या होत्या. त्याबद्दल तिनं शिव्याही पोटभर खाल्ल्या होत्या.

“गिरणीवाल्या सुरेखाबाईनं तुमचंच नाव घेतलं,” कडुबा म्हणाला. “किराणावाल्यानंबी. मारुतीच्या पारावरचे म्हातारेबी तेच म्हणले. कृष्णाला साळूबाईइतकं कुणी वळखत नाय, त्यांनाच इचारा.”

“असं म्हणले?”

“व्हय. दुसरं कुणी तोंडच उघडंना.”

पडद्यामागं, आतल्या खोलीत मंजुषाचं शिलाई मशीन चाललं होतं. साळूबाई घटकाभर त्या आवाजाकडं कान देऊन बसली.

“पीत नाय तसा,” ती म्हणाली. “कंपनीतली पोरं सणासुदीला घेत्यात, तेवढंच. पर्मनंट हाय. दोन खोल्या सोताच्या हायेत.”

कडुबाचा चेहरा सैल झाला. घरी तीन एकर मोसंबी आणि एकुलती एक लेक. शेतातला नवरा नको म्हणून ती हटून बसलेली, स्थळं परत लावता लावता सव्वीस वर्षांची झालेली. त्यानं मोबाईल पुढं धरला. “ही राजनंदिनी.”

साळूबाईचा चष्मा हाताशीच, कोनाड्यात होता. तिनं तो उचलला नाही.

“छान हाय,” ती म्हणाली.

मंजुषा चहा घेऊन बाहेर आली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. कपबशी तिनं डाव्या हातानं पुढं केली.

“मशीनमदी घावली का बोटं, बाळ?” कडुबानं कळवळून विचारलं.

मंजुषानं साळूबाईकडं पाहिलं.

“चहा घ्या भाऊ, गार व्हतोय,” साळूबाई म्हणाली. मंजुषा आत गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

कडुबानं बशीत चहा ओतून घेतला. “बिजवर हाय, ते त्यांनी लपवलं नाय. पण पयली कशापायी गेली, ते धड सांगत नायत. तुमाला ठावं आसंल.”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. उत्तर तिनं सकाळपासून घोकून ठेवलं होतं.

“तिला नांदता आलं नाय,” ती म्हणाली. “तोंडाला तोंड द्यायची. माहेरच्यांनीबी लई चढवून ठिवली व्हती.”

आतलं मशीन थांबलं.

“आन फारकत?”

“त्याचा घोर नको. लग्नाआधी कागद दावतील तुमाला.”

कडुबानं बशी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. “शेवटचं इचारतो आक्का. माझी लेक आईबिगर वाढली. म्या तिच्यावर कधी बोट उगारलं नाय. ह्यो पोरगा हात उचलतो का?”

अजूनही वेळ गेली नव्हती. एका शब्दानं हा माणूस पिशवी उचलून आल्या वाटेनं परत गेला असता, आणि ती मोबाईलमधली पोर आणखी वर्षभर बापाच्या घरी सुखानं राहिली असती. साळूबाईनं पडद्याकडं पाहिलं. मशीन अजून बंदच होतं.

“नाय,” ती म्हणाली. “गरीब पोरगं हाय. द्या खुशाल.”

कडुबाला भरून आलं. त्यानं तिथूनच घरी फोन लावला. “राजनंदिनी, व्हय म्हणून कळवतो गं त्यांना. आक्कांनी सोता सांगितलंय.” मग मोसंबीची पिशवी साळूबाईपुढं सरकवत म्हणाला, “पोरीनं काल सोताच्या हातानं तोडलीत. तुमच्यासारखं माणूस शेजाराला आसल्यावर मला कसली काळजी?”

तो पाया पडायला वाकला, तशी साळूबाई चटका बसावा तशी मागं सरली. तिला त्या माणसाची कीव आली आणि स्वतःची किळस. जन्मभर जपलेला शब्द तिनं आज खोटा करून एका भोळ्या बापाच्या पदरात घातला होता.

कडुबाला घेऊन निघालेली रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं दार लावलं, कडी घातली. पडदा बाजूला सारून मंजुषा उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

साळूबाईनं कोनाड्यातला चष्मा लावला, मोबाईल घेतला आणि कृष्णाचा नंबर काढला.

“जावईबापू,” ती म्हणाली, “दुसरी मिळाली तुमाला. आता माझ्या मंजूच्या फारकतीवर सही करा.”